स्टॉकहोमचें तांबडें तारूं

गेल्या वर्षीं ज्येष्ठ महिन्यांत आम्ही सपत्नीक स्वीडन देशाची राजधानी जें स्टॉकहोम शहर, तेथें चिरंजिवांच्या घरीं महिनाभर राहून आलों. परत आल्यापासून आप्तेष्टांचा आग्रह चालला आहे कीं, तिकडचें कांहीं लिहून काढा. लिहिण्याजोगें पुष्कळ आहे. चौदा बेटांवर पसरलेलें तें नगर, रात्रीचे दहा वाजत आले तरी मावळण्याचें नांव न घेणारा तेथील सूर्य, आणि आपल्याकडे आई ज्या पाण्यांत मुलाला बोटही बुडवूं देणार नाहीं अशा गार पाण्यांत खुशाल डुंबणारीं तेथील पोरें, यांवर एकेक प्रकरण होईल. परंतु लेखणी हातीं धरिली कीं डोळ्यांपुढें एकच वस्तु येऊन उभी राहते. ती म्हणजे एक बुडालेलें लढाऊ तारूं, आणि त्या तारवाचा रंग. या रंगापायीं आमच्या हातून आमच्याच नातवावर एक अन्याय घडला होता. तेव्हां पुढील मजकूर प्रवासवर्णन म्हणून वाचावयास घेणाऱ्या वाचकांनीं त्यांत थोडा कबुलीजबाबही आहे हें आधींच जाणून घ्यावें.

हकीकत अशी. त्याच्या आदल्या वर्षीं नातू उन्हाळ्याच्या सुटींत पुण्यास आला होता. तिकडची उन्हाळ्याची सुटी म्हणजे आपला ऐन आषाढ. बाहेर पावसाची झड, घरांत ओल, आणि मुलाचें वय बारा. त्याला घरांत रमवावें तरी कसें ही सगळ्या घराला काळजी. पण त्यानें येतांना एक खोकें आणिलें होतें. तुकडे जोडून जहाजाची प्रतिकृति करावयाचा तो संच होता. 'वासा' नांवाचें स्वीडनच्या राजाचें लढाऊ तारूं, मूळ आकाराच्या दीडशेंव्या हिश्शाचें, म्हणजे नाळेपुढच्या काठीसकट सुमारें दीड फूट लांब. ओटीवर चटई टाकून त्यानें काम मांडलें. चुलत भावंडें भोवतीं बसून तुकडे हुडकून देत. वहिनी जेवावयास हांका मारून थकत. आठदहा दिवसांत सांगाडा उभा राहिला आणि रंगाची वेळ आली.

येथें आमचें मास्तरपण जागें झालें. आमच्या कपाटांत जगांतील प्रसिद्ध जहाजांचें एक जुनें सचित्र पुस्तक आहे. कोणे एके काळीं रद्दीच्या दुकानांत घासाघीस करून घेतलेलें. त्यांत वासाचें पानभर चित्र आहे. वरचा सर्व भाग गर्द निळा आणि त्यावर सोनेरी मूर्ति. मुलानें मात्र डबी उघडली ती तांबड्या रंगाची, आणि एक बाजू रंगवूनही टाकिली. पावसाळी हवेंत तो रंग वाळतां वाळेना. आम्हीं पुस्तक उघडून त्याच्यापुढें ठेविलें.

"आजोबा, तें तांबडें आहे. मीं पाहिलें आहे," तो म्हणाला.

"तूं पाहिलेंस तें हल्लींच्या कोणीतरी रंगविलेलें. हें पुस्तक जाणत्या माणसांनीं लिहिलें आहे. आधीं वाचावें, मग बोलावें."

त्यानें वाद घातला नाहीं. ओला रंग फडक्यानें पुसून काढिला, उरला तो पात्यानें खरवडला, आणि मान खालीं घालून एवढेंच विचारिलें, "निळा कोणता लावूं, आजोबा? आभाळाचा कीं शाईचा?" आम्हीं चित्र निरखून "शाईचा" म्हणून सांगितलें. तारूं निळें झालें. घरांत सर्वांनीं वाखाणलें. परत जातांना मात्र तें त्यानें बरोबर नेलें नाहीं. "तुमच्याकडेच राहूं द्या," म्हणाला. आम्ही समजलों, आजोबांवरील प्रेमामुळें. आणि तें कांचेच्या कपाटांत मोठ्या अभिमानानें ठेविलें.

स्टॉकहोमला पोंचल्यावर चौथ्या दिवशीं सूनबाईंनीं वासाच्या संग्रहालयाची गोष्ट काढिली. नातू कांहीं बोलला नाहीं. जोडे घालून दाराशीं उभा राहिला मात्र. जुन्या शहराच्या टोकाला स्लुसेन म्हणून धक्का आहे. तेथून यूर्गोर्डेन बेटाकडे एक लहानशी बोट जाते. पाणी तळ्यासारखें शांत, आणि दोन्ही तीरांवर पिवळ्या व फिक्या गुलाबी इमारती. बेट जवळ आलें कीं एका इमारतीच्या छपरावर तीन डोलकाठ्या दिसूं लागतात. त्या मुळांतल्या नव्हेत. तारवाच्या डोलकाठ्या किती उंच जात होत्या हें लोकांस कळावें म्हणून तेथें उभारिल्या आहेत. तारूं आहे तें त्या छपराखालीं, घरांत.

या तारवाची कथा थोडक्यांत सांगतों. स्वीडनचा राजा दुसरा गुस्टाव्ह आडोल्फ याचें पोलंडशीं युद्ध चाललें होतें. त्यासाठीं त्यानें हें तारूं बांधविलें. काम १६२६ सालीं सुरू झालें. एकंदर चौसष्ट तोफा, आणि नाळेपासून पिछाडीपर्यंत कोरीव लांकडी मूर्ति व नक्षी यांची नुसती गर्दी. मुख्य कारागीर मध्येंच वारला. १० ऑगस्ट १६२८ रोजीं, म्हणजे आपल्याकडे शिवछत्रपतींचा जन्म अजून व्हावयाचा होता त्या वेळीं, तारूं पहिल्या सफरीस निघालें. चार शिडें उभारलीं होतीं, काठावर लोक पाहत उभे होते. सुमारें तेराशें मीटर गेलें असेल नसेल, तोंच वाऱ्याच्या एका झोतानें तें कलंडलें. खालच्या मजल्यावरील तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या. त्यांतून पाणी आंत शिरलें आणि शहराच्या डोळ्यांदेखत तारूं बुडालें. सुमारें तीस माणसें गेलीं. वरचा बोजा फार आणि खालचें वजन कमी, असें त्याचें कारण पुढें ठरलें.

मग तीनशें वर्षें तें बंदराच्या तळाशीं चिखलांत पडून राहिलें. बाल्टिक समुद्राचें पाणी कमी खारें, म्हणून लांकूड पोखरून फस्त करणारा समुद्रकिडा तेथें नांदत नाहीं. आपल्या कोंकणपट्टीवर असें तारूं बुडतें तर पन्नास वर्षांत त्याची पाटीही उरली नसती. आन्डेर्स फ्रान्सेन नांवाच्या गृहस्थानें १९५६ सालीं तें हुडकिलें, आणि २४ एप्रिल १९६१ रोजीं तें वर आलें. लांकूड वाळून चिरूं नये म्हणून त्यावर सतरा वर्षें एक मेणासारखा द्रव फवारीत होते. हल्लींचें संग्रहालय १९९० सालचें.

आंत शिरलों तों अंधार. लांकडास व कापडास प्रखर उजेड सोसत नाहीं म्हणून दिवे मंद ठेविले आहेत, आणि हवाही गार. डोळे सरावल्यावर समोरून तारूं हळूहळू उमटूं लागतें. चित्रांत पाहून त्याच्या आकाराची कल्पना येत नाहीं. पिछाडी म्हणजे पांचसहा मजली वाडाच. नाळेवर झेप घेण्याच्या बेतांत असलेला प्रचंड सिंह. त्याच्या मागें रोमच्या वीस बादशहांच्या मूर्ति. शत्रूच्या उपहासासाठीं एका बांकाखालीं दबून बसलेला पोलिश सरदारही कोरिला आहे. आमचें कुटुंब कांहीं वेळानें हळूच म्हणालें, "एवढें करून बुडालें हो!" यापेक्षां अधिक बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

पण आमची नजर रंग शोधीत होती. आणि रंग, पाहतों तों, ना निळा ना तांबडा. सगळें तारूं नाळेपासून पिछाडीपर्यंत काळपट तपकिरी. खरें सांगावयाचें तर आम्हांला थोडा धीर आला. प्रत्यक्ष पुरावाच दोन्ही पक्षांच्या विरुद्ध, मग आमची चूक ती काय? परंतु हाही काळेपणा मुळचा नव्हे. ओक नांवाच्या झाडाचें तें लांकूड. त्यांत तुरट द्रव्य असतें, आणि तारवांतील लोखंडी खिळे पाण्यांत गंजून गेले तेव्हां तें लोह त्या द्रव्याशीं मिळून लांकूड काळें झालें. आमचे वडील हिरड्याच्या काढ्यांत हिराकस टाकून घरीं शाई करीत असत. तीच क्रिया येथें समुद्राच्या तळाशीं तीनशें वर्षें चालली होती. सबंध तारूं शाईंत भिजलें आहे म्हणावयाचें! त्या मुलाचा "शाईचा?" हा प्रश्न तेथें अंधारांत आम्हांला आठवला.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. प्रतिकृति करणारा मनुष्य जर "मीं प्रत्यक्ष जहाज पाहून रंग दिला" असें म्हणूं लागला, तर तो १६२८ सालचें तारूं करीत नसून १९६१ सालीं चिखलांतून निघालेलें तारूं करीत आहे असें समजावें. न्यायशास्त्रांत प्रत्यक्षास प्रमाणांत पहिला मान आहे खरा. पण जुन्या वस्तूच्या रंगाचे बाबतींत प्रत्यक्षासारखा लबाड साक्षीदार नाहीं.

नातू आम्हांला हाताला धरून पुढें घेऊन गेला. तेथें त्याच तारवाची दहाव्या हिश्शाची प्रतिकृति आहे; ती देखील सुमारें सात मीटर लांब, आणि वर शिडें उभारलेलीं. तिचा खालचा भाग डांबर चोपडलेल्या लांकडाचा आणि वरचा भाग व पिछाडीची सारी भूमि तांबडी. चांगली ठसठशीत तांबडी. त्यावर मूर्ति: कोणाची कातडी गुलाबी, कोणाचा अंगरखा हिरवा, कोणाचा निळा, केस काळे वा पिंगट, ओठ लाल, मुकुट व सिंह सोन्याचे. आम्ही बराच वेळ उभे होतों. मुलगा शेजारीं होता. तोही कांहीं बोलेना. शेवटीं आम्हींच म्हटलें, "तांबडेंच आहे."

"हो," तो म्हणाला.

हा तांबडा रंग कोणा रंगाऱ्याच्या लहरीनें ठरलेला नाहीं. संग्रहालय उघडलें तोंपर्यंत विद्वानांचा समज निळ्या भूमीवर सोनेरी मूर्ति असाच होता, आणि आमच्या पुस्तकांतील चित्र त्याच काळचें. पुढें १९९० च्या नंतरच्या वर्षांत मूर्तींच्या खांचाखोंचांत, कपड्यांच्या चुण्यांत व कुरळ्या केसांच्या वळणांत राहून गेलेले रंगाचे कण शोधून काढण्यांत आले. मोहरीहूनही लहान असा तो कण आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखालीं धरिला म्हणजे खालचें अस्तर, मधला थर, वरचा थर असे पापुद्रे निरनिराळे दिसतात. मग त्यांत कोणतें द्रव्य आहे तें तपासावयाचें. तांबड्यांत पारा निघाला तर हिंगूळ, शिसें निघालें तर शेंदूर, लोह निघालें तर गेरू; पांढऱ्यांत शिसें निघालें तर सफेता. म्हणजे जो निर्णय शब्दप्रमाणानें चुकला आणि प्रत्यक्षानें होईना, तो धुरावरून अग्नि ओळखावा तसा अनुमानानें लागला. तर्कसंग्रह पाठ असलेल्या आम्हांस हें मागाहून सुचावें, आणि बारा वर्षांच्या पोरानें आपल्या डोळ्यांनीं पाहून आधींच सांगितलेलें असावें, याचा विषाद वाटला.

तो रंगीबेरंगी थाट पाहून सुशिक्षित प्रवासी नाक मुरडतात असें दिसलें. आमच्याजवळ उभ्या असलेल्या एका बाई "किती भडक!" असें आपल्या यजमानांस म्हणाल्या, ते इंग्रज होते म्हणून आम्हांला कळलें. आम्हांला मात्र तें मुळींच परकें वाटलें नाहीं. मदुरेचें गोपुर ज्यानें पाहिलें आहे त्याला वासाची पिछाडी ओळखीचीच वाटेल. जुनें म्हणजे करडें, तपकिरी, गंभीर, ही आमची आधुनिकांची समजूत. जुन्या माणसांना रंगाची लाज नव्हती.

आणखी एक मौज सांगतों. भोजराजाच्या नांवावर युक्तिकल्पतरु म्हणून एक संस्कृत ग्रंथ आहे. त्यांत नौकांचे प्रकार, त्यांची मापें व शृंगार सांगितले आहेत. नाळेवर सिंह, महिष, सर्प, हत्ती, वाघ इत्यादिकांचीं मुखें बसवावीं असें आहे. आणि रंगाविषयीं नियम दिला आहे तो असा: चार शृंगांच्या नौकेस पांढरा, तीन शृंगांच्या नौकेस तांबडा, दोहोंच्या नौकेस पिवळा आणि एकाच शृंगाच्या नौकेस निळा. शृंग म्हणजे डोलकाठी असा अर्थ विद्वान् लावितात. वासाला डोलकाठ्या तीन, नाळेवर सिंह, आणि रंग तांबडा! स्वीडनच्या राजानें भोजाचा ग्रंथ वाचिला होता असें कोणी म्हणणार नाहीं, आणि आम्हीही म्हणत नाहीं. असल्या जुळणीवर सिद्धांत उभारणारे महाभाग आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांत आमची भर नको. परंतु छापील पुस्तकावरच भिस्त ठेवावयाची होती, तर निदान हें पुस्तक तरी आठवावयाचें होतें.

पुढें एका रविवारीं चिरंजिवांनीं शहराबाहेर नेलें. रानाच्या कडेनें, तळ्यांच्या कांठानें जीं लांकडी घरें दिसत, तीं सगळीं एकाच तांबूस रंगाचीं, खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या पांढऱ्या. फालून म्हणून गांव आहे. तेथील तांब्याच्या जुन्या खाणीच्या मातीपासून हा रंग करितात. खाण १९९२ सालीं बंद झाली, पण रंग अद्याप निघतो. पाणी, राय नांवाच्या धान्याचें पीठ, जवसाचें तेल, हिराकस आणि ती माती, अशी पाककृतीच आहे. "हा तर आपला वृंदावनाचा गेरू," असें कुटुंबानें पाहतांक्षणीं निदान केलें, आणि तें बरोबर होतें; दोहोंतही लोहच.

आतां तांबडा म्हणजे कोणता तांबडा, हा प्रश्न राहिला. त्याचें उत्तर आम्हांला चिरंजिवांच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडे मिळालें. ते सेवानिवृत्त असून स्वयंपाकघराच्या टेबलावर जहाजांच्या प्रतिकृति करितात. त्यांचें इंग्रजी व आमचें इंग्रजी साधारण सारखेंच असल्यामुळें संभाषण उत्तम चाललें. आम्हीं विचारिलें, खऱ्या जहाजावरचा हिंगूळ नेमका सांपडला, तर तोच लहान जहाजास लावावा ना? ते म्हणाले, मुळींच नाहीं. दीडशेंव्या हिश्शाचें जहाज हातभर अंतरावरून पाहणें म्हणजे खरें जहाज दीडशें हातांवरून पाहणें होय. मध्यें एवढी हवा आली म्हणजे रंग फिका व किंचित् करडा होतो. आम्हांला लगेच पटलें. पर्वतीवरून सिंहगड पाहावा: पावसाळ्यांत हिरवागार असूनही तो निळसर करडाच दिसतो. म्हणून लहान प्रतिकृतीच्या रंगांत थोडा पांढरा किंवा करडा मिसळावयाचा. जितकी प्रतिकृति लहान, तितकी मिसळ अधिक. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा हे तर कधींच वापरूं नयेत.

त्यांनीं आणखीही खुबी सांगितल्या. लहान वस्तूवर चकाकी आली कीं ती खेळणें दिसते, म्हणून रंग नेहमीं बिनचकाकीचा. सोनेरी रंगाची भुकटी बोटाएवढ्या मूर्तीवर वाळूसारखी जाडीभरडी दिसते; तेव्हां आधीं पिवडीचा हात देऊन उंचवट्यांवर तेवढी सोन्याची रेघ ओढावी. डांबराच्या लांकडाला एकच तपकिरी थर न देतां पातळ पातळ तीनचार हात द्यावे. शिडें पांढरीं शुभ्र नकोत. कोऱ्या मांजरपाटासारखीं हवीं. (वासाच्या दहांपैकीं सहा शिडें कोठींत घडी केलेलीं सांपडलीं, हें येथें सांगण्यास हरकत नाहीं.) आणि रंग दिव्याखालीं कधीं जुळवूं नये, लांकडाच्या चिपेवर लावून, वाळवून, दिवसा खिडकीशीं नेऊन पाहावा.

त्यांच्या फळीवर इंग्रजांचें 'व्हिक्टरी' हें जहाजही होतें. तें १७६५ सालीं पाण्यांत सोडलें गेलें, आणि २१ ऑक्टोबर १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईंत नेल्सन त्यावरच पडला. हल्लीं तें पोर्ट्स्मथ येथें कोरड्या गोदींत उभें आहे. त्याचे काळे व पिवळे पट्टे सर्वश्रुत आहेत. हा पिवळा कित्येक वर्षें नारिंगीकडे झुकणारा, गडद असा देत असत. परंतु जुन्या थरांची तपासणी होऊन २०१५ सालीं सबंध जहाज पुनः रंगविण्यांत आलें, तें फिक्या, किंचित् गुलाबी छटेच्या पिवळ्यानें. शेजारी हंसून म्हणाले, "माझें जहाज त्याच्या आदल्याच वर्षीं पुरें झालें होतें." त्यांनीं तें तसेंच ठेविलें आहे; सत्तरी उलटल्यावर तोफांच्या एवढ्या खिडक्या कोण पुनः रंगविणार, असें त्यांचें म्हणणें.

आम्हांला तो मार्ग मोकळा नव्हता. पुण्यास परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यांत निळें तारूं कपाटांतून काढिलें, आणि नातू बसत असे त्याच जागीं चटई टाकून बसलों. शाईचा निळा खरवडून काढावयास पांच दिवस लागले. दृष्टि अधू, हात कांपरा, बंधूंनीं "म्हातारपणीं हें काय आरंभिलें आहे?" म्हणून विचारिलें, त्यांना सगळी हकीकत सांगावी लागली, आणि ती घरांत सर्वांस कळली तें एका अर्थीं बरेंच झालें. तांबड्यांत करडा थेंब थेंब घालून सात चिपा रंगविल्या, त्या खिडकींत ओळीनें मांडून पाहिल्या, आणि चौथी पसंत केली. डोलकाठीची एक दोरी आमच्या हातून तुटली. ती पुतणीनें बांधून दिली. गणपतीच्या आधीं काम संपलें. छायाचित्र काढून मोबाइलवर नातवाकडे पाठविलें, आणि खालीं लिहिलें, "तुझा रंग तुला परत. चूक आमची होती."

रात्रीं उशिरां उत्तर आलें. "आजोबा, फार सुंदर झालें आहे. पण तोफांच्या खिडक्यांचीं दारें आंतून पाहा. सिंहांच्या तोंडांमागें अजून निळा आहे."

दिवा लावून, भिंग घेऊन पाहिलें. होता.